आमच्या पश्चात या लेकराचे काय?

रविवारी विहारात बुद्धवंदना आटोपली की दोन-चार माणसे कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन आमच्याभोवती जमतात. कुणाची जातपडताळणी अडलेली असते, कुणाची पेन्शन, कुणाच्या घराचा उतारा. अशाच एका रविवारी एक माउली आली. चार घरची धुणीभांडी करून जगणारी. सोबत तिचा चोवीस वर्षांचा मुलगा. त्याला आंघोळ घालावी लागते, घास भरवावा लागतो. बोलता येत नाही, पण वंदना सुरू झाली की तो डोलतो आणि संपली की टाळ्या वाजवतो. त्याचे वडील वारले. बँकेत त्यांच्या नावावर थोडी रक्कम होती. बँकेने सांगितले, मुलगा सज्ञान वारस आहे, त्याची सही आणा, नाहीतर पालकत्वाचा दाखला आणा. आठ महिने ती माउली एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत होती. कुणी म्हणाले कोर्टात दावा लावा, कुणी म्हणाले सिव्हिल हॉस्पिटलात जा, कुणी म्हणाले उद्या या.

सगळे सांगून झाल्यावर ती म्हणाली, ''वकीलसाहेब, बँकेचं होईल तवा होईल. पण मी मेल्यावर ह्याला कोण बघंल?''

तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे होते. १९९९ साली संसदेने राष्ट्रीय न्यास कायदा केला. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी हा कायदा आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक स्तर समिती असते आणि कलम १४ प्रमाणे ही समिती अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी पालक नेमू शकते. त्यासाठी दिवाणी दावा लावण्याची गरज नाही. म्हणजे तिचे काम ज्या इमारतीत होणार होते, त्याच इमारतीच्या पायऱ्या ती आठ महिने झिजवत होती आणि कोणत्या दारात जायचे हे सांगायला एकही माणूस नव्हता. तिच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आमच्याकडे नव्हते. ते कायद्याच्या पुस्तकात थोडेफार आहे, शासनाच्या नियोजनात जवळजवळ नाही. आजचा हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

हा एका घराच्या दुर्दैवाचा प्रश्न आहे, असे आपल्याला शिकवले गेले आहे. आम्हाला ते मान्य नाही. भारतीय संविधानाचे अनुच्छेद ४१ सांगते की बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता अशा प्रसंगी नागरिकाला सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळावा यासाठी राज्याने आपल्या ऐपतीच्या मर्यादेत प्रभावी तरतूद करावी. सातव्या अनुसूचीत विकलांगांना साहाय्य हा विषय राज्यांच्या सूचीत आहे. अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या कामांमध्ये अपंग आणि मतिमंद व्यक्तींच्या कल्याणाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांमध्येही आहे. म्हणजे गावच्या सरपंचापासून राज्याच्या मुख्यमंत्र्यांपर्यंत प्रत्येकाच्या कर्तव्यात त्या टाळ्या वाजवणाऱ्या मुलाचे नाव संविधानाने घातलेले आहे. तरीही प्रत्येक जण म्हणतो, हे आमच्या टेबलाचे काम नाही!

नियोजन म्हणजे काय हे आंबेडकरी समाजाला कुणी नव्याने सांगण्याची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय प्रकल्पाच्या आखणीत त्यांचा वाटा होता. १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात त्यांनी विमा राज्याच्या मालकीचा करावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला विम्याचे संरक्षण सक्तीने मिळावे, अशी मागणी केली होती. त्यामागचा विचार साधा होता. कमावणारा माणूस गेला तर मागे राहिलेल्यांना शेजाऱ्यांच्या दयेवर जगावे लागू नये. ''मी मेल्यावर ह्याला कोण बघंल'' हा प्रश्न बाबासाहेबांनी राज्याच्या दारात १९४७ सालीच नेऊन ठेवला होता.

नियोजनाची पहिली पायरी मोजणी. जे मोजले जात नाहीत त्यांच्यासाठी पैसा ठेवला जात नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख विकलांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात हा आकडा २९ लाख ६३ हजार होता. 'मानसिक मंदत्व' या रकान्यात देशभरात १५ लाखांच्या आसपास माणसे आली. स्वमग्नतेला स्वतंत्र रकानाच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अहवालात जगातील सुमारे १६ टक्के लोकांना लक्षणीय स्वरूपाची विकलांगता असल्याचे म्हटले आहे. आपल्या देशात ती दोन टक्क्यांवर कशी थांबते? मोजण्याच्या व्याख्या वेगळ्या आहेत हे खरे. परंतु मोजणारा कर्मचारी दारात उभा राहून ''घरात कुणी वेडाबिडा आहे का?'' असे विचारणार असेल आणि घरचे लाजेने ''नाही'' म्हणणार असतील, तर आकडा खाली येणारच.

याच जनगणनेतील आणखी एक आकडा आपल्या चळवळीने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. अनुसूचित जातींमध्ये विकलांगतेचे प्रमाण २.४५ टक्के आढळले. अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर समाजात ते २.१८ टक्के होते. हा फरक आकाशातून पडलेला नाही. बाळंतपणात वेळेवर मदत न मिळणे, बाळ उशिरा रडणे, जन्मानंतरची तीव्र कावीळ वेळीच न ओळखणे, मेंदूज्वर, आईच्या आहारात आयोडीनची कमतरता ही सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक अक्षमतेची वैद्यकशास्त्राने मान्य केलेली कारणे आहेत. डाउन सिंड्रोमसारखी जन्मजात स्थिती गरीब-श्रीमंत पाहत नाही. पण वरची कारणे मात्र गरिबाच्या झोपडीचा पत्ता बरोबर शोधतात. दवाखाना कुठे बांधायचा, रस्ता कोणत्या वस्तीपर्यंत न्यायचा, हे ज्या व्यवस्थेने ठरवले, तिने या लेकरांच्या नशिबाचा एक भाग ठरवला.

नशीब हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. कारण या प्रश्नाच्या मुळाशी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत बसलेला आहे. मनुवादी व्यवस्थेने अस्पृश्याला सांगितले, तू मागच्या जन्मीच्या पापामुळे अस्पृश्य झालास. तीच व्यवस्था विकलांग मुलाच्या आईला सांगते, तुझ्या पापाचे हे फळ आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा पूर्वकर्माचा सिद्धांत बुद्धाचा नव्हे, असे ठामपणे मांडले. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'विकलांग' ऐवजी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि पुढे सरकारी खात्यांच्या पाट्या बदलल्या. आपल्या समाजाला या प्रकाराचा जुना अनुभव आहे. हक्क मागणाऱ्याला 'हरिजन' म्हणून देवाचा माणूस ठरवायचे आणि पाणवठा मात्र खुला करायचा नाही, हे आपण पाहिले आहे. ज्याला बसमध्ये चढता येत नाही त्याच्या अंगात दिव्यत्व आहे असे म्हणण्यापेक्षा बसची पायरी खाली घेणे आवश्यक आहे. खात्याचे नाव म्हणून तो शब्द आम्हालाही लिहावा लागतो. परंतु आदर शब्दाने नव्हे, तरतुदीने सिद्ध होतो.

आता तरतुदी पाहू. भारताने २००७ साली विकलांग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. त्यातून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आला. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारच्या विकलांगता होत्या, नव्या कायद्यात एकवीस आहेत. सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आहे आणि त्यातील एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांत पाच टक्के राखीव आहे. जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन करण्याची घोषणा केली. कागदावर पाहिले तर काहीच कमी नाही. मग त्या माउलीच्या हाती काय आले?

पैशापासून सुरुवात करू. केंद्राची इंदिरा गांधी विकलांग निवृत्तिवेतन योजना महिन्याला ३०० रुपये देते. हा आकडा २०१२ सालापासून हललेला नाही आणि त्यासाठी विकलांगता ८० टक्के असावी लागते. हक्काच्या कायद्याने ४० टक्के ही रेषा मानली आहे. पैसे देताना तीच रेषा ८० वर जाते. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून मिळणारी रक्कम सप्टेंबर २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने दिव्यांगांसाठी १,५०० वरून २,५०० रुपये झाली, याचे आम्ही स्वागत करतो. पण या योजनेत दिव्यांगाच्या कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये राहिली. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. हिशेब करा. घरातल्या एका माणसाने वर्षात १६१ दिवस मजुरी केली की मर्यादा ओलांडली. म्हणजे सरकारला असे कुटुंब हवे आहे, जे अर्धे वर्ष उपाशी राहील आणि मग अर्ज करील. खरे उत्पन्न लिहिणारा अपात्र ठरतो आणि खोटा दाखला काढणारा पात्र. गरिबाला खोटे बोलायला लावणारी ही व्यवस्था आहे.

दुसरा मुद्दा शोधण्याचा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आहे आणि वाढीतील विलंब हा त्यातील एक स्वतंत्र गट आहे. जिल्हास्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने अंगणवाड्यांसाठी दिव्यांग बालकांबाबतची कार्यपद्धतीही जाहीर केली. विचार उत्तम आहे. बाळ मान धरत नाही, नजर देत नाही, नावाला ओ देत नाही, हे अंगणवाडीताईला सर्वांत आधी कळू शकते. परंतु तिने चिठ्ठी लिहून दिल्यावर पुढे काय? जिल्ह्याच्या गावी आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जायचे तर आईची मजुरी बुडते, भाडे लागते, घरी दुसरे लेकरू असते. दोन महिन्यांत येणे बंद होते आणि नोंदवहीत शेरा पडतो, 'पालक उदासीन'. तालुक्याच्या ठिकाणी उपचार नेणे किंवा प्रवासभाडे व बुडालेली मजुरी देणे, यातले काही एक केल्याशिवाय ही योजना केंद्राच्या शेजारी राहणाऱ्यांचीच राहील.

तिसरा मुद्दा शाळेचा. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे खटल्यात २०२१ साली प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे पंधरामागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा राज्यांना बजावावे लागले की पदे मंजूर करून जाहीर करा. चार वर्षांत पदांचीच निश्चिती होत नसेल तर मूल वर्गात बसून काय शिकणार? महाराष्ट्रातील विशेष शाळा आणि कार्यशाळा बहुतांशी खाजगी संस्थांच्या हाती आहेत. त्यांत मनापासून काम करणारे शिक्षक आहेत, त्यांना आमचा जय भीम. पण शासनाचे नियोजन संस्थेला अनुदान देण्यापाशी संपते. संस्था जिथे निघाली तिथे शाळा. जिथे निघाली नाही तिथले मूल कुणाचे? आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर तर जणू सर्व विकलांगता संपते! मूल पुन्हा घरात, आई पुन्हा घरात, आणि दाराला कडी.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक भयंकर होतो. १९९४ साली शिरूरच्या संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या सरकारी रुग्णालयात काढण्यात आली. कारण काय, तर मासिक पाळीच्या वेळची स्वच्छता राखणे अवघड जाते. काळजी घेणारी माणसे नेमण्याऐवजी मुलींचा अवयवच काढून टाकायचा, हेसुद्धा एक प्रकारचे नियोजनच होते. २००९ साली सुचिता श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीचाही आपल्या शरीराविषयी निर्णय घेण्याचा हक्क मान्य केला. २०१६ च्या कायद्याच्या कलम १० ने संमतीशिवाय वंध्यत्व आणणाऱ्या उपचारांना मनाई केली. कायदा पुढे आला. आता निवासी गृहांत पुरेशा स्त्री कर्मचारी आणि बाहेरच्या माणसांची नियमित तपासणी आली पाहिजे.

केरळने एक वेगळी वाट दाखवली आहे. २००४ साली तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील वेंगानूर ग्रामपंचायतीत पहिली 'बड्स' शाळा सुरू झाली. ही शाळा कुठल्या संस्थाचालकाची नव्हे, ग्रामपंचायतीची. कुटुंबश्रीच्या महिलांचे जाळे तिच्या पाठीशी आहे. पुढे अनेक पंचायतींनी तिचे अनुकरण केले आणि प्रौढांसाठी पुनर्वसन केंद्रेही निघाली. त्याच राज्याने 'आश्वासकिरणम' योजनेतून घरी काळजी घेणाऱ्याला दरमहा ६०० रुपये देण्यास सुरुवात केली. रक्कम तुटपुंजी आहे, पण त्यामागचे तत्त्व मोठे आहे. आईचे श्रम हे श्रम आहेत, हे राज्याने मान्य केले. महाराष्ट्रात तर स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करण्याचा नियम आहे. ती रक्कम घरटी वाटून संपवण्यापेक्षा पाच-दहा गावांनी एकत्र येऊन एक दिवसभराचे केंद्र चालवले तर आईला कामावर जाता येईल आणि मुलाला माणसांत बसता येईल.

आता आपल्या समाजाचा खास प्रश्न. पूर्वी विकलांगांचा विषय सामाजिक न्याय खात्यातच होता. स्वतंत्र विभाग झाल्यावर बौद्ध वस्तीतले विकलांग मूल दोन खात्यांच्या मध्ये सापडले. एक खाते म्हणते, हा दिव्यांग विभागाचा विषय. दुसरे म्हणते, अनुसूचित जातीचा निधी तिकडे आहे. तिकडचा निधी कुठे जातो हे आपण २०२५ साली पाहिलेच. लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय खात्याचा पैसा वळवला गेला आणि त्या खात्याच्या मंत्र्यांनाच जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. गरीब बहिणीला पैसे मिळण्यास आमचा विरोध नाही. पण एका वंचिताच्या ताटातला घास उचलून दुसऱ्याच्या ताटात टाकणे याला न्याय म्हणत नाहीत. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा वळवता येणार नाही असा कायदा करणे आणि त्यात विकलांगांसाठी निश्चित हिस्सा ठेवणे, ही मागणी आता एकत्र करावी लागेल.

न्यायालयाने हा धागा ओळखला आहे. चंदीगडच्या शासकीय कला महाविद्यालयात बौद्धिक अक्षमता असलेल्या आर्यन राज या विद्यार्थ्याला प्रवेश हवा होता. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विकलांग व्यक्तीही सामाजिकदृष्ट्या मागासलेल्या आहेत, म्हणून अनुसूचित जाती-जमातींना गुणांची जी सवलत आहे ती किमान त्यांनाही मिळाली पाहिजे. त्या खंडपीठात न्या. भूषण गवई होते. एप्रिल २०२१ मध्ये पाटण जमाल वली खटल्यात, एका अंध दलित स्त्रीवरील अत्याचाराच्या प्रकरणात, न्यायालयाने जात, लिंग आणि विकलांगता एकाच माणसावर एकत्रितपणे कशी आघात करतात याची सविस्तर चर्चा केली. न्यायालयाला जे दिसते ते नियोजन करणाऱ्यांना का दिसू नये?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. जून २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि या वेळी जातीची नोंदही होणार आहे. जात आणि विकलांगता यांचे एकत्रित तक्ते तालुकानिहाय प्रसिद्ध झाले पाहिजेत. प्रमाणपत्रासाठी तज्ज्ञांचे पथक तालुक्याला आले पाहिजे. उत्पन्नाची मर्यादा मजुरीच्या दराशी जोडली पाहिजे. काळजीवाहक भत्ता कायद्याच्या पुस्तकातून आईच्या बँकखात्यात आला पाहिजे. प्रत्येक तालुक्यात प्रौढांसाठी दिवसभराचे केंद्र आणि प्रत्येक जिल्ह्यात आईवडिलांच्या पश्चात राहण्याचे शासकीय, छोटे, घरासारखे निवासगृह हवे. जिल्हा समित्यांवर संस्थाचालकांबरोबर वस्तीतल्या आया आणि स्वतः विकलांग व्यक्ती बसल्या पाहिजेत. ज्यांच्यासाठी नियोजन करायचे त्यांनाच बाहेर ठेवायचे, ही पद्धत आपण गोलमेज परिषदेपासून नाकारत आलो आहोत.

सरकारला एवढे सांगितल्यावर स्वतःलाही काही सांगितले पाहिजे. आपल्या किती विहारांत अशी मुले येतात? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही अशा लेकराला रात्रीच्या अंधारात बुवाकडे नेले जाते, हे आम्ही पाहिले आहे. मंदबुद्धी व्यक्तीत अलौकिक शक्ती असल्याचे भासवून तिचा धंद्यासाठी वापर करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवला आहे. बहिणीचे लग्न जमावे म्हणून पाहुण्यांसमोर भावाला आतल्या खोलीत कोंडतो तो समाज शिकलेला म्हणवतो! ज्यांना गावाबाहेर ठेवले गेले त्यांनी आपल्याच लेकराला घराच्या आत वेशीबाहेर ठेवावे, यासारखे दुःख दुसरे नाही.

तथागतांच्या संघात चुल्लपंथक नावाचा भिक्खू होता. चार महिने झाले तरी त्याला एक गाथा पाठ होईना. सख्ख्या थोरल्या भावाने, जो स्वतः भिक्खू होता, त्याला विहार सोडून जायला सांगितले. दाराशी रडत उभ्या असलेल्या चुल्लपंथकाला तथागतांनी हात धरून आत आणले. त्यांनी त्याला गाथा दिली नाही. एक स्वच्छ पांढरे फडके दिले आणि ते हाताने चोळत राहायला सांगितले. फडके मळत गेले आणि अनित्यता त्याला हातांतून समजली. तो अर्हत झाला. तथागतांनी शिष्य बदलला नाही, शिकवण्याची रीत बदलली. आजचा कायदा ज्याला वाजवी सोय म्हणतो, ती हीच.

त्या माउलीचा अर्ज आम्ही स्थानिक स्तर समितीकडे दाखल केला आहे. बँकेचे काम होईल. दर रविवारी ती आता मुलाला घेऊन पुढच्या रांगेत बसते. आपल्या तालुक्यात, आपल्या विहारात अशी किती घरे आहेत, याची यादी येत्या पौर्णिमेपर्यंत प्रत्येक शाखेने करावी. निरामय आरोग्य विम्यात एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे; त्याचे अर्ज भरून द्यावेत, पालकत्वाचे अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात न्यावेत, ग्रामसभेत पाच टक्क्यांचा हिशेब मागावा. यादी हातात घेऊन गेलेल्या दहा आयांना कोणताही अधिकारी 'उद्या या' म्हणू शकत नाही.

जय भीम!